टिटवीने कप्प्यांना लावलेली कुलपं

एका जंगलात, मुलांनो, एक गुहा होती आणि त्या गुहेत सगळ्या प्राण्यांचे पत्ते ठेवलेले होते. वणवा लागला तर कुणाला कुठून उचलायचं, ते कळावं म्हणून. शिकलेले प्राणी या गुहेला डेटाबेस म्हणत. न शिकलेले गुहाच म्हणत, आणि त्यांचं काही अडत नसे.

गुहेच्या तोंडाशी एक खिडकी होती. तिला म्हणत अ‍ॅप. खिडकीत वानरकाका बसत. त्यांच्याकडे एकच किल्ली, तिने सगळे कप्पे उघडत. कुणाला काय दाखवायचं, ते काकांच्या डोक्यात. एकदा काका जांभळं खाण्यात गुंग असताना कोल्ह्याने सशाचा पत्ता विचारला आणि काकांनी देऊन टाकला. ससा वाचला, पण अजून लंगडतो.

मग जंगलाने एक टिटवी नेमली. कॉलेजात शिकलेली, पहिल्या श्रेणीत पास झालेली, आणि पान पडलं तरी दचकणारी. ती कोण, हे मला विचारू नका. घाम फुटतो.

टिटवी म्हणाली, "काका, परवानग्या खिडकीत नकोत. थेट कप्प्यावर हव्यात. ज्याची त्याला वेगळी किल्ली. मग खिडकीत कुणीही बसो."

"अगं पोरी, आठशे प्राणी आहेत!"

"मग गट करू. वणव्याला धावणारे हत्ती सगळे पत्ते बघतील. बाकीच्यांनी फक्त आपापला."

"आणि किल्ल्या कोण वाटणार?"

"मी," टिटवी म्हणाली.

तिने प्रत्येक कुलूप तीनदा ओढून पाहिलं. अर्ध्या वाटेवरून परत येऊन चौथ्यांदा पाहिलं. याच दिवसांत तिने चार अंडी घातली. टिटवीची अंडी उघड्या माळावर असतात, मुलांनो. कुणाला जागा कळली, की संपलं.

एके दुपारी सिंहमहाराजांचे सहायक तरसराव धावत आले.

"टिटवीबाई, महाराज पाहणीला आलेत आणि त्यांच्या किल्लीने कप्पा उघडत नाहीये!"

"कुठला कप्पा?"

"कुठला म्हणजे? कुठलाच!"

टिटवीला आठवलं. सिंहाला कोणत्या गटात घालायचं, हे विचारायचा धीर न झाल्याने तिने त्याला कुठेच घातलं नव्हतं. आता शांतपणे एका गटात घालायचा, एवढंच काम होतं. पण बाहेर महाराजांनी जांभई दिली, आणि टिटवीला ती डरकाळी वाटली. तिने घाईघाईत हुकूम सोडला: सगळ्या किल्ल्यांनी सगळे कप्पे उघडोत.

"महाराज जाईपर्यंतच हं," ती स्वतःलाच म्हणाली.

महाराजांनी एक कप्पा पाहिला, "छान, छान" म्हटलं आणि ते जेवायला गेले. टिटवीने लगेच सगळं बंद केलं. मग कुणी काय उघडलं, याची नोंद वाचली. दोनच ओळी होत्या. पहिली सिंहाची. दुसरी अशी: कोल्हा, टिटवीचा कप्पा.

ससा पळतो. अंडी पळत नाहीत, हे कोल्ह्याला ठाऊक होतं.

टिटवी ओरडत माळावर पोचली. अंडी मोजली. चार. पुन्हा मोजली. चारच. कोल्ह्याचा पत्ता नाही.

तासाभराने वानरकाका धापा टाकत आले.

"पोरी, ऐकलंस का? कोल्हा थेट महाराजांच्या गुहेत शिरला! 'अंडी कुठायत?' म्हणून विचारलं म्हणे. जीव घेऊन पळाला, शेपूट तिथंच राहिलं. पण तो मेला तिकडे गेलाच कशाला?"

टिटवीने मान खाली घातली.

"काका, आज घाबरून विसरलेच होते. माझा पत्ता भरताना मला भीती वाटली. मी महाराजांचा लिहिला."

"अगं, पण कुलपं तर तूच लावलीस ना?"

"म्हणूनच."

तात्पर्य: परवानगी खिडकीवर सांभाळावी की कप्प्यावर, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. खरा पत्ता मात्र दोन्हीकडे देऊ नये, यावर कुलपं लावणाऱ्यांचं एकमत आहे.