तल्लीन हा पर्याय नाही

अंबरपेठेतल्या मराठी मंडळाने एकादशीच्या कीर्तनाचं भवितव्य शास्त्रीय पायावर ठरवायचा ठराव केला. सभागृह कीर्तनाला द्यावं की झुंबा वर्गाला, एवढाच प्रश्न होता. त्यासाठी संवाद व नवमाध्यमांच्या संशोधक डॉ. मृण्मयी आल्या आणि भिंतीवर कॅमेरा लागला. डोळे उघडे दिसले की श्रोता ‘सहभागी’, मिटले की ‘निद्रिस्त’.

कीर्तनकार सत्यवतीबाईंनी नमन लावलं आणि दर एकादशीला न चुकता येणाऱ्या नामदेवरावांचे डोळे मिटले. बाईंचा सूर लागला की त्यांना समोरचा पंखा, भिंत, माणसं काही नको व्हायचं. मागच्या रांगेत सचिव मिलिंद मोबाइलवर क्रिकेट बघत होते, डोळे वटारून.

अहवाल आला: कीर्तन हे निद्राजनक माध्यम आहे. आदर्श श्रोते : श्री. मिलिंद.

“मॅडम, मी झोपलो नव्हतो हो!” नामदेवराव कळवळले.

“मग काय करत होतात, काका?”

“तल्लीन झालो होतो.”

मृण्मयीबाईंनी पडद्यावर बोट वर-खाली फिरवलं. “असा ऑप्शन नाहीये. ‘अनुपस्थित’ टाकू?”

नामदेवराव विचारात पडले. खरं म्हणजे तेच बरोबर होतं. पण अनुपस्थितांच्या जिवावर सभागृह कसं मिळणार?

फेरचाचणी मंजूर झाली. मिलिंदांनी दारातच सगळ्यांना दम भरला, “डोळे मिटले तर हॉल गेला. काका, विशेषतः तुम्ही!”

“हौ बाबा, नक्को फिकर करू.”

चिपळ्या वाजल्या. पापणी खाली आली की नामदेवराव मांडीला चिमटा काढत. शेजारचे एकमेकांना कोपरानं ढोसत होते. एवढे डोळे आपल्यावर रोखलेले पाहून सत्यवतीबाई भेदरल्या आणि ऐन आख्यानात पद विसरल्या. एरवी सभागृहातून दहा जणांनी ओळ पुरवली असती. आज कुणाच्या लक्षातच आलं नाही.

“बाई, आज काय सांगितलंत हो?” आरतीनंतर नामदेवरावांनी हळूच विचारलं.

“मला तरी कुठं ठाऊक! पण तुम्ही ऐकत होतात ना?”

“छे! मी बघत होतो.”

सहभाग शंभर टक्के निघाला. कीर्तनाला सभागृह कायमचं मिळालं. अट एकच, डोळे उघडे. पुढच्या एकादशीला नामदेवराव घरीच राहिले.

अहवाल मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर पडला. तो न उघडताच सगळ्यांनी भराभर हात जोडले. त्यात आपलेही होतेच की, वाचकहो.