जिलेबीला दोन सह्या लागतात

कुत्रं पाळायचं मी ठरवलं ते केवळ फोन लवकर ठेवता यावा म्हणून. (मुक्या जिवांवरच्या मायेची गोष्ट वाचायला कुणी बसलं असेल, तर त्यांनी जरा दम धरावा. माया येते, पण उशिरा येते.)

झालं असं की मागच्या महिन्यात मी न्हाणीत घसरले. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. एकाहत्तराव्या वर्षी पडले आणि माझी मीच उठले, यात खरं तर कौतुकाचा भाग होता. म्हणून ते मुलाला सांगितलं. तिथंच चुकलं. विश्वजीत पुण्याला अकराव्या मजल्यावर राहतो. तो म्हणाला, बास झालं एकटीनं राहणं, गारखेड्याचं घर भाड्यानं देऊ आणि तू इकडं ये. त्याचं घर मी बघितलंय. खिडकी चार बोटं उघडते आणि शेजारणीशी बोलायचं तर आधी मेसेज टाकावा लागतो. आणि माझं हे घर? याची एक भिंत वाकडी आली म्हणून मी गवंड्याकडून तीनदा पाडून घेतलीय. ते सोडून मी खिडकीच्या फटीतनं आभाळ बघत बसू?

मी म्हणाले, "एकटी कुठं? मी कुत्रं आणतेय."

तो हसला. म्हणाला, बरं, पुढचा रविवार सोडून त्याच्या पुढच्या रविवारी मी येतो. घरात कुत्रं दिसलं तर विचार करू. नाही दिसलं तर बॅग भरून ठेव.

मी मोठ्या थाटात फोन ठेवला. चहा टाकला. चहा उतू जाताना ध्यानात आलं की तेरा दिवस आहेत आणि कुत्रं नाही.

गल्लीतलं एखादं धरायचं की, असं तुम्ही म्हणाल. आमच्या गल्लीत नऊ आहेत. पण ती मला ओळखतात आणि मी दिसले की रस्ता बदलतात. (माझ्याकडं बादली असते.)

मी शाळेची पायरी चढलेली नाही. अक्षरं शिकले ती किराणाच्या पुड्यांवरून, डाळ डब्यात ओतून कागद उन्हाला धरून. त्यामुळं कुठंही काही चिकटवलेलं दिसलं की मी उभी राहून शेवटपर्यंत वाचते. औषधाच्या दुकानाबाहेर अशीच एक चिठ्ठी वाचलेली होती : कुत्रं विकत घेऊ नका, दत्तक घ्या. खाली नंबर. लावला. पलीकडं लाइबा नावाची मुलगी होती. उस्मानपुऱ्यात दातांची डॉक्टर. सकाळी दात काढते आणि उरलेला दिवस कुत्र्यांना देते.

मी विचारलं, तुमची संस्था कोणत्या रस्त्याला आहे, आत्ता येते आणि एक घेऊन जाते. ती म्हणाली, आजी, संस्थेला जागाच नाही. आमची कुत्री लोकांच्या घरी असतात. पक्कं घर मिळेपर्यंत कोणीतरी एकेक सांभाळतं. तुमच्यासारख्यांना शोभेल अशी एक चिकलठाण्याला तनुजाच्या घरी आहे. दोन वर्षांची, तपकिरी, शेपटीला वेटोळं म्हणून नाव जिलेबी.

मी म्हणाले, बांधा.

मग तिनं सांगितलं की आधी फॉर्म, मग घराची पाहणी, मग सात दिवस चाचणी आणि मग शेवटचा कागद. मला वाटलं चाचणी कुत्र्याची.

फॉर्म आला. एकतीस प्रश्न. मुबारक रिक्षावाल्याच्या हाती पाठवला होता, आणि तो बिचारा माणुसकीनं म्हणाला की मावशी, मी भरून देऊ का. त्याला पाणी देऊन वाटेला लावलं आणि मी पेन घेतलं. "यापूर्वी कोणते प्राणी सांभाळलेत?" मी लिहिलं : तीन म्हशी, एक बैल आणि सासरे. "घरात कोणाला राग लवकर येतो का?" लिहिलं : येतो, पण कारण असतं. "कुत्र्यानं चप्पल कुरतडली तर काय कराल?" लिहिलं : ते कुत्र्याला समक्ष सांगेन.

सत्ताविसाव्या प्रश्नाशी गाडी थांबली. "तुम्ही आजारी पडलात किंवा गावाला गेलात तर कुत्र्याला कोण सांभाळेल? पर्यायी पालक याच शहरातला हवा. त्याची सही लागेल." आणि खाली बारीक अक्षरात : अर्जदार पासष्टच्या वर असल्यास याशिवाय कुत्रं मिळणार नाही.

या शहरात माझं म्हणावं असं एकच माणूस आहे. माझी धाकटी जाऊ, सुरेखा. दोघा भावांनी मिळून एक प्लॉट घेतला, मधे एक सामाईक भिंत घालून दोन घरं बांधली. भाऊ दोघंही गेले. भिंत राहिली, आणि तिच्या दोन बाजूंना आम्ही दोघी. आणि आम्ही नऊ वर्षं बोलत नव्हतो.

कारण सांगते, म्हणजे तुम्हीच न्याय करा. तिच्या वास्तुशांतीला मी तिला एक मोरपंखी साडी दिली होती. पुढं विश्वजीतच्या लग्नात तिनं मला आहेर केला. उघडून बघते तर तीच मोरपंखी. घडीसुद्धा माझीच. भर मांडवात मी काहीही बोलले नाही. (फक्त साडी उंच धरून सगळ्यांना दाखवली.)

तेव्हापासून बोलणं बंद, पण कळवाकळवी चालू. ती तिच्या कुकरला बोलायची, मी माझ्या झाडूला. भिंतीपलीकडनं ती कुकरला म्हणायची, "कुणाला सकाळी पाचला बादल्या आपटायची हौस असती बघ." मी झाडूला सांगायची, "उशिरापर्यंत झोपणाऱ्याला सगळाच आवाज मोठा लागतो." अशी आमची नऊ वर्षं लई मजेत चालली होती.

तर मी सत्ताविसाव्या रकान्यात तिचंच नाव घातलं. न विचारता. सही मात्र केली नाही. दुसऱ्याची सही करणं माझ्या हातून होणार नाही. अक्षर कमावायला काय पडतं ते मला ठाऊक आहे. तिथं लिहिलं : समक्ष करतील. आणि मनाशी म्हणाले, एकतीस प्रश्नांतला एक कोण बघतंय.

शनिवारी लाइबा पाहणीला आली. आपल्याकडं पाहुणे घर बघायला येतात म्हणजे सोयरीक आली, हे रक्तातच असतं. मी अंगण धुतलं, पलंगावर नवी चादर टाकली, ठेवणीतलं लुगडं नेसले आणि चुरमुऱ्यांची सुशीला केली. लाइबानं चादरीकडं बघितलंसुद्धा नाही. ती फाटकाखाली वाकून फट मोजत बसली. मग गच्चीचा कठडा, पाण्याची टाकी, कुंडीतली झाडं. विश्वजीतच्या लग्नाआधी मुलीकडचे आले होते, त्यांनी एवढं बघितलं नव्हतं. त्यांनी फक्त पगार विचारला होता.

शेवटी तिनं सुशीलेचा एक घास घेतला आणि विचारलं, "सुरेखा आंटी कुठायत?"

मी म्हणाले, गावाला गेली.

आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडनं आवाज आला. "बाई बाई, काय फोडणीचा वास सुटलाय. कुणाकडं पाव्हणे आलेत वाटतं, कुकरा."

लाइबानं फॉर्मवरचा पत्ता बघितला, भिंतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग ताट ठेवून सरळ पलीकडं गेली आणि जावेला घेऊन आली. हातात झारा, पदर खोचलेला. लाइबा कौतुकानं तिला सांगत होती की आजींनी तुमचं नाव दिलंय, तुम्ही जिलेबीच्या पर्यायी पालक.

जावेनं नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं तोंड करून बघितलं. आणि लाइबाला म्हणाली, "त्यांना विचारा, दुसरं कुणी घावलं नाय का?"

मी लाइबाला म्हणाले, "तिला सांगा, नाय घावलं."

"त्यांना म्हणावं, ती साडी मी मुद्दाम दिली नव्हती. लग्नाच्या घाईत कपाटातनं हाताला आली ती दिली."

"तिला म्हणावं, घडीत माझी टाचणी होती."

"त्यांना सांगा, टाचणी होती म्हणजे मी साडी कधी उघडलीच नव्हती. उघडली नाय तर ओळखायची कशी?"

आता हे मला नऊ वर्षांत सुचलं नव्हतं. मी गप्प बसले. (माझ्या आयुष्यात हे दोनदा झालंय. पहिल्यांदा दाढ काढली होती.)

लाइबा दोघींमधे उभी राहून मान फिरवून फिरवून दमली होती. ती म्हणाली, "आजी, तुमको कुत्ता होना की साडी होना?"

जावेला तेवढ्यानं धीर आला. तिनं लाइबाला विचारलं की यांना आत्ताच कुत्रं कशापायी पाहिजे, उभ्या जन्मात कुत्र्याला दारात उभं केलं नाही यांनी. लाइबाला ते माहीत नव्हतं. सांगायचं तर मलाच सांगावं लागणार होतं, आणि असली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून सांगता येत नाही.

"विश्वजीत पुण्याला न्यायला बसलाय," मी म्हणाले. तिच्याकडं बघून म्हणाले. "घर भाड्यानं देतो म्हणतो."

जावेच्या झाऱ्यातनं तेलाचा थेंब माझ्या धुतलेल्या अंगणात पडला. एरवी त्यावर झाडूशी अर्धा तास बोलणं झालं असतं.

"म्हंजे पलीकडं भाडेकरू," ती म्हणाली.

"व्हय."

"आन् मी कुकरला बोलायचं ते कुणाला ऐकवायचं, बाई?"

मग तिनं झारा माझ्या हातात दिला, लाइबाच्या हातातलं पेन घेतलं आणि विचारलं सही कुठं करायची. ती सातवी शिकलेली आहे. तिचा 'र' वाकडा आला. मी बघितला आणि काही बोलले नाही. पेन अजून तिच्या हातात होतं.

रविवारी तनुजा जिलेबीला घेऊन आली. सोबत गादी, वाडगं, एक चिरगुटाचा ससा आणि तनुजाचे डोळे भरलेले. चार महिने सांभाळलेलं लेकरू सासरी पाठवावं तशी ती मला सांगत होती की हिला फटाक्यांची भीती वाटते, हिला दही आवडतं, हिला ओरडू नका. शेवटचं मी ऐकलं नसल्यासारखं केलं. पण खरं सांगते, कुत्रं पलंगाखाली जाऊन बसलं आणि तिथनं माझ्याकडं असं बघायला लागलं की माझा आवाज आपोआप खाली आला. गल्लीतल्या लोकांना वाटलं मी आजारी आहे.

दोन दिवस ती पलंगाखालीच. मी जमिनीवर बसून तिला दहीभात दाखवायची, पेपर मोठ्यानं वाचून दाखवायची. (बातम्या निवडून. भांडणाच्या गाळायची.) तिसऱ्या दिवशी भात खाल्ला, माझा हात चाटला, आणि मी डोळे पुसून बघते तर कुत्रं गायब.

अख्खी गल्ली पालथी घातली. एक चप्पल पायात, एक कुठं गेली ठाऊक नाही. गल्लीतली नऊच्या नऊ कुत्री घाबरून भिंतीवर चढली. तेवढ्यात जाऊ दारात येऊन म्हणाली, बाई, ओरडू नका, झोपलीय ती. अंगणातल्या भिंतीला पाणी जायला एक भोक आहे, जिलेबी त्यातनं पलीकडं गेली होती आणि जावेच्या दिवाणावर, तिच्या मांडीला डोकं लावून पडली होती. कुकर शिट्ट्या देत होता आणि ही मन लावून ऐकत होती.

तेव्हापासून रिवाजच पडला. जेवायला माझ्याकडं, झोपायला तिच्याकडं. कुत्रं आणायला म्हणून मी दिवसातनं दहादा पलीकडं जायला लागले, आणि दर खेपेला चहा व्हायचा. नऊ वर्षांचं साठलेलं चार दिवसांत बोलून झालं. दोघींचे घसे बसले.

आणि रविवारी विश्वजीत आला. फाटक वाजलं आणि कुत्रं माझ्या घरात नाही. मी बसक्या आवाजात भिंतीवरनं हाक मारली. जावेनं जिलेबीला उचलून भोकात घातलं आणि मागनं ढकलायला लागली. मी इकडनं पुढचे पाय धरले. माझा इंजिनिअर मुलगा अंगणात उभा राहून हे बघत होता.

"आई, हे काय चाललंय?"

"कुत्रं दाखवतेय," मी म्हणाले.

जिलेबी बाहेर आली, अंग झाडलं, त्याचा बूट हुंगला आणि आल्या भोकानं परत गेली. भुंकली नाही, गुरगुरली नाही. घर राखायला आणलेलं जनावर. मी मनातल्या मनात बॅगेत लुगडी भरायला लागले.

विश्वजीत पायरीवर बसला. "काकू तुझ्याशी बोलते?"

"व्हय."

"केव्हापासून?"

"मागच्या शनिवारपासून."

तो हसायलाच लागला. बूट काढून ठेवले. म्हणाला, आई, मला कुत्र्याचं काय घेणं होतं. तू न्हाणीत पडलीस आणि हाक मारायला भिंतीपलीकडं माणूस असून नसल्यासारखं, यानं मला झोप लागत नव्हती. दुपारी तो माझ्याकडं जेवला, मग काकूकडं जेवला आणि माझी बॅग न घेता पुण्याला गेला.

मी जिंकले. घर राहिलं, कुत्रं मिळालं, आणि साडीचा निकालही बहुतेक माझ्याच बाजूनं लागला असता.

सोमवारी लाइबा शेवटचा कागद घेऊन आली. माझ्या घरात आली, गादी बघितली. गादी जशी आली तशी, एक केस नाही. मग पलीकडं गेली. दिवाणावर जिलेबी उताणी पडलेली, ससा शेजारी. लाइबानं खुर्ची घेतली आणि म्हणाली, आजी, आमचा नियम आहे. कुत्रं जिथं झोपतं, ते त्याचं घर. पालक म्हणून त्याच घरच्या माणसाची सही लागते.

मी वाद घातला. बसल्या जागी लिहून काढलेले मुद्दे सात होते. जिलेबी दुसऱ्या मुद्द्याला कूस बदलून घोरायला लागली.

जावेनं पहिल्या रकान्यात सही केली. मग लाइबानं कागद माझ्याकडं सरकवला, पर्यायी पालकाच्या रकान्यावर बोट ठेवलं, आणि नियमाप्रमाणं जावेला विचारलं की या बाई तुमच्या भरवशाच्या आहेत ना.

जावेनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. चहाचा एक घोट घेतला.

"रागीट हायत," ती म्हणाली. "पण सात दिवस ठेवून बघू."