बँडमास्तरांची कवळी

धाकटीनं परदेशात पाऊल ठेवलं त्याच दिवशी आईला फोनवर सांगून टाकलं, "तू काळजी करू नकोस. महिन्याभरात ही माणसं मला सख्खी मुलगी मानायला लागतात की नाही ते बघच."

आई म्हणाली, "मानली नाही तरी चालेल, घालवून दिलं नाही म्हणजे झालं."

आयांना पोरींच्या कर्तबगारीची कल्पना नसते, हेच खरं. धाकटी म्हणजे तीन बहिणींतली शेवटची. पूल बांधायचं शिक्षण घ्यायला इतक्या लांब आलेली. कॉलेजनं तिची राहायची सोय एका कुटुंबात केली होती. घरात माणसं तीन. काकू शाळेची बस चालवत. काकांची आई, म्हणजे आजी, स्वयंपाकघरातल्या खिडकीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या असत. आणि काका तळमजल्यावरच्या खोलीत चाळीस वर्षं कवळ्या बनवत आले होते. दाराबाहेर त्यांच्या नावाची पाटी होती आणि आत फळीवर गावातल्या निम्म्या तोंडांचे प्लॅस्टरचे साचे ओळीनं मांडलेले होते.

पहिल्याच दिवशी काकूंनी सांगितलं, "बाळा, तू फक्त अभ्यास कर. घरातलं आम्ही बघतो."

आता हे वाक्य ज्या घरात खरं मानतात त्या घरात धाकटी वाढलीच नव्हती. तिच्या घरी "तू बस" असं कोणी म्हणालं की त्याचा अर्थ "अजून उठली नाहीस?" असा असायचा. तेव्हा धाकटी कामाला लागली. कोरडी भांडी तिनं पुन्हा पुसली. काकूंच्या कपड्यांच्या घड्या मोडून नव्यानं घातल्या. सगळ्यांचे बूट पॉलिश करून असे काही मांडले की काका एक काळा आणि एक तपकिरी घालून बँकेत जाऊन आले. कोणी काही बोललं नाही. न बोलणं म्हणजे कौतुक, असं धाकटीनं धरून चाललं.

फक्त काकांच्या खोलीत तिला अजून शिरकाव मिळाला नव्हता, आणि ते तिला खुपत होतं. कारण कवळी हा तिचा हक्काचा विषय! गावाकडे आजोबांची कवळी सहा वर्षं रोज तिनंच धुतली होती. थोरल्या बहिणी नाक मुरडून पळायच्या आणि ही ब्रश घेऊन बसायची. कवळीतलं मला कोणी शिकवू नये, असं ती मैत्रिणींना ऐकवायची. मैत्रिणींनाही शिकवायची काही घाई नव्हती.

त्या दिवसांत काकांच्या हातात एकच मोठं काम होतं. मागच्या घरातल्या बँडमास्तरांची कवळी. माणूस आयुष्यभर ट्रम्पेट वाजवत आलेला. पाच महिन्यांपूर्वी सगळे दात काढावे लागले आणि वाजवणं थांबलं. येत्या शनिवारी बँडमधून त्यांचा निरोप समारंभ होता, आणि शेवटची धून स्वतः वाजवायची असं त्यांनी मनाशी धरलं होतं. त्यासाठी काका त्यांचे जुने फोटो भिंग लावून बघायचे. पुढच्या दोन दातांत पूर्वी होती तेवढीच फट, डावीकडचा एक दात पूर्वीसारखाच जरासा तिरका. हवा त्यांच्या ओळखीच्या वाटेनं गेली पाहिजे, असं काका म्हणायचे.

मंगळवारी दुपारी काका प्लॅस्टर आणायला बाहेर पडले. काकू बसवर होत्या. धाकटी केरसुणी घेऊन खाली गेली, तर टेबलावर ती कवळी. वर आणि खाली मिळून अठ्ठावीस दात, गुलाबी हिरड्या, आणि सगळीकडे धूळ आणि कीस चिकटलेला.

"अगंबाई, उद्या गिऱ्हाईक येणार आणि ही अशी?" धाकटी म्हणाली, आणि कवळी उचलून वर स्वयंपाकघरात घेऊन आली. मोठ्या मगात ठेवली. किटलीतलं उकळतं पाणी वरून ओतलं. आजोबांच्या कवळीला ती कोमट पाणी वापरायची, पण परक्या माणसाचे दात म्हटल्यावर थोडी जास्त काळजी घ्यावी असं तिला वाटलं.

आता जी गोष्ट धाकटीला नंतर कळली ती तुम्हाला आधीच सांगतो. नवी कवळी आधी मेणात बनते. एकेक दात मेणात रोवायचा, माणसाच्या तोंडात घालून बघायचं, नीट बसली की मगच मेणाच्या जागी पक्कं प्लास्टिक भरायचं. त्या गुलाबी हिरड्या मेणाच्या होत्या.

धाकटीनं ब्रश घेऊन मगात डोकावून पाहिलं. हिरड्या नव्हत्या. वर गुलाबी साय आली होती आणि तळाशी दात पडले होते.

पण पूल बांधायला निघालेली मुलगी अशी हार मानत नाही. तिनं दात चिमट्यानं बाहेर काढले, मेण गोळा करून मळलं, खाली जाऊन साच्यांवर थापलं आणि छोटा आरसा समोर ठेवून स्वतःचं तोंड वासलं. तोंडात बघायचं आणि त्याप्रमाणे एकेक दात रोवायचा. युक्ती नामी होती. फक्त आरशात डावं ते उजवं दिसतं, हे तिच्या लक्षात आलं नाही. शिवाय तिचे दात होते एकमेकांना खेटून, म्हणून हेही खेटून बसवले. वरच्या दाढा खाली गेल्या, खालच्या वर आल्या. शेवटी एक दात हातात उरला आणि त्याला कुठेच जागा उरली नाही. तो तिनं पेन्सिलींच्या डबीत टाकला. काका आले तेव्हा ती अभ्यास करत बसली होती. पुस्तक उलटं होतं, पण काकांचं तिकडे लक्ष नव्हतं.

बुधवारी सकाळी बँडमास्तर आले. काकांनी हाक मारली, "पोरी, एक ग्लास पाणी आण गं." म्हणून धाकटीला तिथे उभं राहणं भाग पडलं.

काकांनी कवळी तोंडात बसवली. बँडमास्तरांनी तोंड मिटलं. ते मिटेना. मागच्या एका दाढेवर सगळा जबडा टेकला आणि पुढे दोन बोटं जातील एवढं भगदाड राहिलं. ओठ त्या दातांवरून सरकून वर गेला तो खाली यायला तयार होईना. इतकं हसरं तोंड आणि इतके दुःखी डोळे धाकटीनं आधी कधी पाहिले नव्हते.

काकांनी कवळी बाहेर काढली. चष्मा पुसून पाहिली. चष्मा काढून पाहिली. दात मोजले.

"सत्तावीस," ते हळूच म्हणाले. "एक लावायलाच विसरलो मी."

धाकटीनं तोंड उघडलं. खरंच उघडलं. तेवढ्यात काका म्हणाले, "माझंच चुकलं. मास्तर, माझा हात गेला."

"अहो, असं काय बोलता," बँडमास्तर बोळक्या तोंडानं म्हणाले. "होतं असं. धून काय, दुसरा कोणी वाजवेल." आणि काकांचा खांदा थोपटून ते निघून गेले.

धाकटीचं तोंड मिटलं. आता सांगायचं तरी कोणत्या तोंडानं! तिला शरम वाटली ती आधी कवळीची. संध्याकाळपर्यंत ती कवळीची राहिली नाही. कारण काका खोलीत दिवा न लावता बसून राहिले, आपलेच हात पालथे-उताणे करून बघत. काकू त्यांना म्हणाल्या, "अहो, मी किती दिवस सांगतेय, डोळे तपासून घ्या." काका म्हणाले, "डोळे ठीक आहेत गं. डोकंच चालेनासं झालंय. दाढा वरच्या खाली लावल्या मी. आठवतसुद्धा नाही कधी लावल्या ते."

आठवणार कसं?

धाकटीला जेवण गेलं नाही. काकूंना वाटलं, पोरीला काकांचं वाईट वाटतंय. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "किती जीव लावलास गं आम्हाला." या वाक्यासाठीच तर धाकटी महिनाभर झटत होती. आता ते मिळालं तर जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं तिला झालं.

गुरुवारी दुपारी ती कॉलेजातून परतली, तर काका स्टुलावर चढून दाराबाहेरची पाटी काढत होते. दोन स्क्रू निघाले होते, दोन राहिले होते.

"पोरी, बरी आलीस. स्टूल धर जरा."

धाकटीनं स्टूल धरलं. वरून तिसरा स्क्रू तिच्या डोक्यावर पडला. आणि तिथेच, रस्त्यावर, स्टूल धरून ती रडायला लागली. मग तिनं दप्तरातून पेन्सिलींची डबी काढली आणि दात काकांच्या हातावर ठेवला.

"हे काय?"

"अठ्ठाविसावा," ती म्हणाली. "तुम्ही विसरला नव्हता. मी कवळी धुतली. उकळत्या पाण्यानं. मग मीच लावले परत. आरशात बघून. तुमचा हात गेलेला नाही काका, तो माझा हात होता."

काका स्टुलावरून उतरले. काकू दारात आल्या होत्या. काकांनी दात उलटसुलट करून पाहिला.

"सगळे तूच लावलेस?"

"हो."

"मी एकही नाही?"

"एकही नाही."

काकांनी इतका मोठा श्वास सोडला की त्यांच्या छातीवरून जणू ओझंच उतरलं. ते ओरडतील, बॅग भरायला सांगतील, याची धाकटी वाट बघत होती. ते म्हणाले, "दात पडले त्याचं काही नाही गं. मेण आहे, पुन्हा लावीन. पण काल दिवसभर मी माझे हात बघत बसलो होतो, आणि तू ते बघत होतीस."

यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं. धाकटीला वर बघवेना. तिनं काकांची माफी मागितली, काकूंची मागितली. काकू म्हणाल्या, "आधी डोळे पूस. आणि उद्यापासून माझ्या घरात काही धुवायचं नाही, समजलं?" मग काकांनी फोन लावून तिच्या हातात दिला. तिनं बँडमास्तरांची माफी मागितली. पलीकडून बराच वेळ नुसता फुस्स फुस्स आवाज येत होता. ते रडतात की काय म्हणून ती घाबरली, पण ते हसत होते. दात नसल्यामुळे कळायला वेळ लागला.

काकांनी पाटीचे स्क्रू पुन्हा पिळले आणि खाली दिवा लावून कामाला बसले. उद्या तोंडात घालून बघायची, रात्रीतून प्लास्टिक, शनिवारी ट्रम्पेट. जमणार होतं.

धाकटी आजींजवळ येऊन बसली. आजींनी एक डोळा उघडला.

"सांगितलंस एकदाचं?"

धाकटी दचकली. "तुम्हाला माहीत होतं?"

"किटली माझ्यासमोरच ओतलीस की."

"मग तुम्ही काही बोलला का नाही आजी? काका तर पाटी काढायला निघाले होते."

"तो दर दोन वर्षांनी काढतो. मी रविवारी सांगणारच होते."

"रविवारी? पण कार्यक्रम तर शनिवारी."

"तेच ना." आजींनी सुस्कारा सोडला. "त्या बँडमास्तरच्या घराची आणि माझ्या खोलीची भिंत एकच आहे, पोरी. पहाटे पाचला ट्रम्पेट सुरू करायचा. तीस वर्षं. या पाच महिन्यांत मी पहिल्यांदा पोटभर झोपले."

खालून काकांच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. आजींनी डोळा मिटून घेतला. आणि धाकटीनं त्या दिवसातली चौथी माफी मागितली, खरं बोलल्याबद्दल.