रेषेच्या टोकाशी समीक्षा

अल्लीपूरचे रूपराव सहसा बंडूजींच्या दुकानाची पायरी चढत नसत. दोघांचं शेत लागून, आणि मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एकोणीस वर्षं भांडण. बोलणं फक्त ग्रामपंचायतीत, तेही सरपंचांकडे पाहून. पण त्या ऑक्टोबरात भर दुपारच्या भारनियमनातही चालू राहणारा टीव्ही गावात एकच होता, बंडूजींच्या इन्व्हर्टरवरचा. आणि पुण्याला राष्ट्रकुलातल्या देशांच्या युवा क्रीडा स्पर्धेत, बॅडमिंटनच्या कोर्टावर, रूपरावांची लेक समीक्षा दिसणार होती. रूपराव पायरी चढले आणि साखरेच्या पोत्यावर बसले. बंडूजींकडे पाठ करून, एवढा स्वाभिमान राखून.

समीक्षा खेळणार नव्हती. वर्ध्याच्या एका शाळेत ती खेळ शिकवायची. स्वतः जिल्ह्यापर्यंत खेळली, मग गुडघ्यानं दगा दिला, तेव्हा परीक्षा देऊन लाइन जज झाली. कोर्टाच्या रेषेच्या टोकाशी खुर्ची टाकून बसायचं आणि शटल आत पडलं की बाहेर, ते सांगायचं.

“हे काऊन नुसतीच बसून राह्यली?” गर्दीतल्या देवकाबाईंनी विचारलं.

“तेच काम हाय तिचं,” रूपराव म्हणाले.

“बसाचं? मंग आमच्या घरच्यायलेबी पाठवा ना पुण्याले!”

दुकानात चाळीसेक माणसं दाटली होती. आपली मुलगी आणि एक परदेशी मुलगी; दोघी एकेक गेम जिंकून तिसऱ्यात भिडलेल्या. एकोणीस-वीस. आपली एकानं मागे. आपलीनं उडी मारून असा स्मॅश हाणला की चिंधू शेंगदाण्याच्या पोत्यावरून उठून उभाच राहिला. शटल समीक्षाच्या रेषेपाशी पडलं. समीक्षानं दोन्ही हात आडवे पसरले आणि खणखणीत ओरडली, “आउट!”

सामना संपला. परदेशी मुलगी नाचायला लागली.

“आपल्याच पोट्टीनं आपल्याले हरवलं ना गा!” चिंधू म्हणाला.

“दोन बोटं तर होतं बाहेर. कोणीबी सोडलं असतं.”

“अन् एवढ्या जोरानं काऊन बोंबलली? हळू सांगतलं असतं तर त्या उंच खुर्चीतल्या साहेबाले ऐकूबी नसतं गेलं.”

रूपराव पोत्यावरून उठले. “दोन बोटं बाहेर म्हणजे बाहेर! माह्या लेकीनं आउट म्हटलं म्हणजे आउट. तिची नजर चुकत नाई, कोणासाठीच चुकत नाई!”

बंडूजींनी हातातला तराजू खाली ठेवला आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा थेट रूपरावांच्या तोंडाकडे पाहिलं. “रूपरावजी, हे तुम्ही चाळीस लोकायसमोर बोलले. दिवाईले येईनच ना समीक्षा? आपला धुरा तिलेच पाहू द्या. ते म्हणन ते मले मंजूर.”

रूपरावांचे बैल त्या धुऱ्याच्या कडेनं नांगर ओढताना दरवर्षी जरा ऐसपैसच, बंडूजींच्या अंगानं, चालत. हे बैलांना ठाऊक होतं, रूपरावांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच सरकारी मोजणीचं नाव निघालं की त्यांची कंबर धरत असे. आता हो म्हणावं तर धुरा जाणार, नाही म्हणावं तर लेकीची नजर खोटी ठरणार.

“पाहीन ना माही लेक!” ते म्हणाले. आवाज मोठा होता, पाय मात्र घराकडे निघाले होते.

“तिले सांगून ठेवा आधीच,” घरी बायकोनं, आनंदाबाईंनी सल्ला दिला. समीक्षा आली, फराळाला बसली, तेव्हा रूपरावांनी लांबून सुरुवात केली.

“समे, तुले शटल दिसलंच नाई, तर का करतं तू?”

“डोळ्यावर दोन्ही हात ठेवतो, बाबा. मंग अंपायर ठरवते.”

“अरे वा! चांगला नियम हाय.” रूपरावांना चकली एकदम खुसखुशीत लागली. “मंग उद्या धुऱ्यावरबी तसंच करजो. तिथं ऊन लई राह्यते.”

“दिसलं नाई तरच हात ठेवाचे, बाबा,” समीक्षा म्हणाली आणि तिनं दुसरी चकली उचलली.

दुसऱ्या दिवशी सारं गाव शेतात. सोयाबीन निघून रान मोकळं झालेलं. एकोणीस वर्षं सगळ्यांनी धुऱ्याच्या मधोमध उभं राहून, एकमेकांच्या अंगावर जाऊन वाद घातला होता. समीक्षानं आधी विचारलं, “हद्दीचे जुने दगड कुठं हायेत?” दोन टोकांना दोन दगड निघाले. एका दगडाशी तिनं चिंधूला पांढरा दुपट्टा धरून उभं केलं आणि स्वतः दुसऱ्या दगडापाशी जाऊन उकिडवी बसली. एक डोळा मिटला. रूपराव टोपी काढून घाम पुसू लागले. ऊन खरोखरच होतं, पण समीक्षाचे हात डोळ्यांकडे गेले नाहीत.

ती उठली आणि तिनं दोन्ही हात आडवे पसरले.

“आउट, बाबा. मधात पोट सुटलं धुऱ्याचं. हे तीन तासं बंडूकाकाचे.”

रूपराव नांगराच्या त्या तीन तासांकडे, तीन सऱ्यांकडे पाहत राहिले. एकेक तास त्यांनी किती जपून मिळवलं होतं!

“बापालेबी नाई सोडलं!” चिंधू पुटपुटला.

“मंग?” रूपरावांची मान हळूहळू वर आली. “पुण्यात तिनं देशाले नाई सोडलं, तर मी कोण लागून गेलो? हे नजर हाय, बाप्पा! आणा इकडे फावडं, मीच सरकवतो.”

टाळ्या वाजल्या. संध्याकाळी रूपराव गावातून असे फिरत होते, की परक्याला वाटावं, तीन तासं गेली नाहीत, आली आहेत. जो भेटेल त्याला ते सांगत, “टोकाशी बसून पाहा लागते. मधात उभं राहून काही दिसत नाई.”

याचा परिणाम मात्र भलताच झाला. समीक्षाला अजून चार दिवस सुट्टी आहे ही बातमी पसरली आणि ऐन दिवाळीत अल्लीपूरची माणसं उजाडताच शेताकडे निघू लागली. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. पण संध्याकाळपर्यंत गावातले पाच-सहा धुरे आपोआप सरळ झालेले दिसत.

तिसऱ्या दिवशी बंडूजी चिवड्याचा डबा घेऊन रूपरावांच्या दारात आले. बसले. चिवड्याबद्दल बोलले, थंडीबद्दल बोलले. मग आत पाहून हळूच विचारलं, “समीक्षा केव्हा जाते?”

“सोमवारी. काऊन?”

“नाई, सहजच.” बंडूजींनी खुर्ची जवळ ओढली. “बाबारावच्या बाजूचा माहा धुरा जरासा... तुमचं फावडं भेटन का आजच्या दिवस? दुकानातलं नेलं तर लोक पाह्यते.”