पाचमजली रॅक

ब्रह्मा घाटामागच्या गल्लीत श्रीनिवासरावांचं पणत्यांचं गोदाम आहे आणि गोदामात एक लोखंडी रॅक आहे. गुन्ह्याला एवढं पुरेसं होतं. देव दीपावली तोंडावर आलेली, आसपासच्या घाटांच्या पणत्या इथूनच जायच्या, आणि नेमके तेव्हाच बांधकाम निरीक्षक पांडेजी सील घेऊन दारात उभे राहिले.

"रैक फर्श में कसा हुआ है, यानी इमारत का हिस्सा," ते गंभीरपणे म्हणाले. "पाँच खाने, पाँच मंज़िल. गंगा किनारे नया निर्माण मना है."

श्रीनिवासरावांनी तिथल्या तिथे बोल्ट काढले. पांडेजींचं समाधान झालं नाही. बोल्ट गेले तरी रॅक जागचा हलत नाही, आणि जे हलत नाही ते कायमचं, असा नियम निघाला.

"अहो, त्यात काय एवढं?" लतिकाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "उत्तरपूजेनंतर गणपती नाही का आपण जागचा हलवत? देवपण जातं, मग कायमपण का नाही जाणार?"

रॅकवर अक्षता पडल्या, दहीपोह्यांचा नैवेद्य झाला, रॅक चार बोटं सरकला. पांडेजींनी प्रसाद खाल्ला, बोटं चाटली आणि ते म्हणाले, सरकतं ते वाहन. नंबर प्लेट कुठाय? शिवाय या गल्लीत वाहनांना बंदी आहे.

श्रीनिवासरावांचं टाळकंच सटकलं. त्यांनी रॅकला घट्ट मिठी मारली. "नहीं हटूँगा! लगाइए सील, मेरे ऊपर लगाइए!"

पांडेजींचा चेहरा उजळला. "नहीं हटेंगे? फिर तो आप भी स्थायी निर्माण हुए. पैदाइश कब की?"

"बासठ की."

"अरे, रोक से पहले की! पुराना ढाँचा, संरक्षित. और रैक आपसे जुड़ा है, तो वह भी संरक्षित!"

सील खिशात गेलं. पणत्या निघाल्या, घाट झगमगले, श्रीनिवासरावांचा जीव भांड्यात पडला. अट एकच होती, जुना ढाचा जागचा हलवायचा नाही आणि परवानगीशिवाय डागडुजी करायची नाही. ते अजून रॅकला मिठी मारून उभे आहेत. लतिकाबाई तिथेच घास भरवतात. दाढ ठणकतेय, पण ती भरायचा अर्ज वर गेलाय.

पांडेजींना बढती मिळाली. आता ते घरोघर फिरतात आणि जागचं हलत नाही ते तपासतात. बंदीआधीचं असेल तर जपतात, नंतरचं असेल तर पाडतात. तुम्ही मात्र मघापासून एका जागी बसून खुशाल हसताय. जन्मसाल तेवढं सांगा.