कुशलप्रश्नाची खुर्ची

जो सर्वांच्या अंतरी बसून न बोललेलेही ऐकतो, त्या श्रीहरीला प्रथम वंदन. आणि जिच्या कृपेवाचून दोन शेजाऱ्यांत दोन शब्दही होत नाहीत, त्या शारदेला दुसरे. हॉलंडातल्या लायडन आणि आसपासच्या मराठी मंडळींनी महामारीच्या खंडानंतर यंदा पुन्हा दिवाळीचा अंक काढण्याचे ठरवले आणि "आजोबा, तुम्ही एखाद्या माणसाविषयी लिहा," असा आग्रह धरला. माणूस शोधावा लागला नाही. ज्या लाकडी, घडीच्या खुर्चीवर बसून मी हे लिहीत आहे, ती त्याच माणसाची.

हेर (म्हणजे जर्मन भाषेत श्रीयुत) होल्टमान हे आमचे जर्मन शेजारी. त्यांना कोणी "कसे आहात?" असे विचारले, की ते "एक क्षण," असे म्हणून घरात जात, ही खुर्ची घेऊन बाहेर येत, ती उघडत, चारही पाय जमिनीला नीट टेकले आहेत की नाहीत हे हाताने हलवून पाहत, बसत आणि मग उत्तर देत. उत्तराचा आरंभ डाव्या गुडघ्यापासून होई. गुडघ्यावरून ते पचनाकडे, पचनावरून निद्रेकडे आणि निद्रेवरून ती मोडणाऱ्या नगरपालिकेच्या कचरागाडीकडे वळत. आणि शेवटी, "एकंदरीत, तत्त्वतः, समाधानकारक," असा समारोप करीत. पहिल्या दिवशी मी कुंपणाशी उभ्याउभ्या सहज विचारून बसलो होतो. उत्तर संपेपर्यंत माझ्या पायांना मुंग्या आल्या. उठताना ते म्हणाले, "आता तुमची पाळी. तुमची खुर्ची कुठे आहे?"

"मी ठीक आहे," मी म्हणालो.

"हे उत्तर नव्हे. उद्या खुर्ची घेऊन या."

महामारीचा तो पहिला वसंत होता. मी आणि माझी पत्नी सुमती मुलाकडे थोड्या दिवसांसाठी म्हणून सांगलीहून आलो आणि विमाने थांबल्यामुळे इथलेच झालो. मुलगा आणि सून दिवसभर दार लावून संगणकाशी बोलत. नात माझ्या मराठीला डचमध्ये उत्तरे देई. अशा वेळी कुंपणापलीकडे उत्तरासाठी खुर्ची आणणारा माणूस भेटला, ही मी ईश्वराची योजना समजतो. माझा जन्म हायस्कुलात संस्कृत शिकवण्यात गेला. माझे इंग्रजी सांगलीचे, त्यांचे ब्रेमेनचे; दोघांचेही व्याकरण शुद्ध आणि गती बैलगाडीची, त्यामुळे आमचे उत्तम जमले.

ते मला 'हेर प्रोफेसर' म्हणत. मी शाळामास्तर होतो, असे मी विनयाने सांगून पाहिले. "तत्त्वतः प्रोफेसर," ते म्हणाले आणि प्रश्न मिटला. ते स्वतः उचलपुलांचे अभियंते. इथल्या कालव्यांवरचे पूल उचलण्याच्या निमित्ताने हॉलंडात आले आणि मार्गा नावाच्या डच मुलीशी लग्न करून राहिले. मार्गाबाई जाऊन बरीच वर्षे झाली होती. एकुलती मुलगी युटा अमेरिकेत, ओहायोमध्ये, ब्रायन नावाच्या अमेरिकन माणसाची पत्नी. दीड मीटर अंतराचा सरकारी नियम निघाला तेव्हा होल्टमानांनी तेवढ्या लांबीची एक पट्टीच कापून आणली. "अहो, मध्ये कुंपण आहे ना?" मी म्हणालो. त्यांनी विचारले, "कुंपणाची रुंदी कोणी मोजली आहे?"

सुमती घरातून ओरडे, "अहो, त्यांना 'कसे आहात' तेवढं विचारू नका हं! पानं घेतलीयत."

खुर्चीमागे एक संपूर्ण दर्शन होते आणि त्या दर्शनाचा पूर्वपक्ष होता अमेरिका.

"अमेरिकन माणूस विचारतो, कसे आहात? आणि तुम्ही तोंड उघडेपर्यंत तो गाडीत जाऊन बसलेला असतो," होल्टमान म्हणत. "उत्तर नको, तर प्रश्न कशाला? मी तुमच्या दाराची घंटा वाजवून पळून गेलो तर चालेल? आणि त्यावर उत्तर काय द्यायचे? 'ग्रेट!' नोकरी गेली, 'ग्रेट!' दाढ काढली, 'ग्रेट!' हेर प्रोफेसर, आमच्या इतिहासात हे विशेषण एका राजाला लावतात, आणि त्याच्याविषयीही माझ्या मनात शंका आहेत." मग बोट उंचावून, "टिपिश आमेरिकानिश!" म्हणजे, अगदी अमेरिकन वळण. हे त्यांचे भरतवाक्य.

अमेरिकन माणूस कॉफी चालताना पितो; गायसुद्धा पाणी पिताना थांबते. अमेरिकन माणूस थंडीतही पाण्यात बर्फ टाकतो. अनोळखी माणसाला दात दाखवतो; दात दाखवायचे असतात ते दंतवैद्याला. अमेरिकन घराच्या खिडक्या उघडतच नाहीत, आणि होल्टमान तर भर हिवाळ्यात, बाहेर गोठलेले असताना, रोज सकाळी सगळ्या खिडक्या सताड उघडून घराला श्वास घ्यायला लावत. बाहेर लख्ख ऊन असताना अमेरिकन माणूस कपडे यंत्रात वाळवतो, हे कळल्यावर मात्र सुमती त्यांच्या पक्षाला गेली. "ऊन असताना? या माणसाचं काही चुकत नाही बरं का!"

हे सारे ज्ञान त्यांनी मुलीच्या लग्नाला जाऊन एका पंधरवड्यात संपादन केले होते. तिथे एका सकाळी ते पाव आणायला पायी निघाले. रस्त्याला पदपथ नव्हता, म्हणून कडेच्या गवतातून चालले. थोड्याच वेळात पोलिसांची गाडी शेजारी येऊन थांबली. "सर, आपल्याला बरे वाटत नाही का? आपण हरवला आहात का?" होल्टमान म्हणाले, "मी पाव आणायला चाललो आहे." पोलिसाने अत्यंत सौजन्याने त्यांना गाडीत बसवून दुकानी नेले. "आणि हेर प्रोफेसर, एवढे करून मिळालेला पाव! दाबला की खाली बसे आणि सोडला की पुन्हा वर येई. स्पंज! त्याने मी भांडी घासली असती."

"पंधरवड्यात एवढा मोठा देश कळतो का?" मी विचारले.

"देश नाही. पाव पहिल्याच दिवशी कळला."

एकदा मी म्हणालो, "जन्मात एकही भला अमेरिकन भेटला नाही तुम्हाला?"

त्यांनी खुर्चीच्या हातावरून बोट फिरवले. युद्ध संपल्यावर ब्रेमेनमध्ये अमेरिकन सैन्य आले, तेव्हा ते अगदी लहान होते. पडक्या घरांच्या रांगेत एक शिपाई त्यांच्यासमोर थांबला. "तो म्हणाला, 'हाऊ आर यू, किड?' आणि मग तो गुडघे टेकून खाली बसला. माझ्या उंचीला आला. आणि वाट पाहत राहिला. मला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, हेर प्रोफेसर. तरीही तो वाट पाहत राहिला."

"मग?"

"मग त्याने एक संत्रे दिले. मी ते सालीसकट खाल्ले. संत्रे कसे खातात, हे मला कोणी सांगितले नव्हते." आणि लगेच घाईने, "तत्त्वतः, अपवाद."

त्या वसंतात युटाला मुलगी झाली. तिने आदल्या शरद ऋतूतच वडिलांना कळवले होते, बाळंतपणाला या, आणि हवे तितके राहा. होल्टमानांनी नकार दिला होता. "मूल चालायला लागले की इकडे येईल. इकडे पदपथ आहेत. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"बाळंतपणाला जायचं नाही, यात कसलं आलंय तत्त्व?" सुमतीने मला विचारले, जणू नकार मीच दिला होता. पुढे दोन्हीकडची दारे बंद झाली आणि तत्त्वाचा प्रश्न उरलाच नाही. दर रविवारी फोनच्या काचेवर नात दिसे. होल्टमान तिच्यासमोर खुर्चीत ताठ बसून युटाच्या प्रश्नाला डाव्या गुडघ्यापासून उत्तर देत. मागून जावई "हाय, हाऊ आर यू!" असे म्हणून फ्रिजकडे निघून जाई, आणि होल्टमान कुंपणावरून माझ्याकडे अर्थपूर्ण पाहत.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात खुर्ची उघडताना त्यांना धाप लागू लागली. डॉक्टरांनी हृदयाचे निदान केले; पण इस्पितळे भरलेली असल्यामुळे शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. त्यांनी मला कुंपणाशी बोलावून सांगितले, "युटाला यातले काही कळता कामा नये."

"ती मुलगी आहे तुमची."

"म्हणूनच. ती पहिल्या विमानाने येईल. येण्याचे दार इकडच्या पासपोर्टमुळे तिला उघडे आहे; परत जाण्याचे उद्या उघडे असेलच असे नाही. इकडे मी आणि तिकडे तान्हे मूल. मी तिला असे दोन दारांच्या मध्ये उभे करू?"

पुढच्या रविवारी ते कोट घालून बागेत उभे होते. खुर्ची आणली नव्हती. फोनमधून जावयाचा आवाज आला, "हे! हाऊ आर यू?"

होल्टमानांनी सगळे दात दाखवले आणि म्हणाले, "ग्रेट!"

मग युटा म्हणाली, "ग्रेट, पापा. इकडेही ग्रेट." त्या दिवशी गुडघा निघाला नाही, पचन निघाले नाही. फोन ठेवून त्यांनी कुंपण दोन्ही हातांनी धरले.

मला त्यांच्या असत्याचा राग आला नाही. आमच्या जुन्या पत्रांत, घरी कोणी अंथरुणाला खिळलेले असले तरी, पहिली ओळ 'येथील सर्व क्षेम' अशीच असे. दूर असलेल्या लेकराच्या घशाखाली घास उतरावा म्हणून माणूस जे लिहितो, त्याचा हिशेब सत्यनारायण कसा करतो, हे मला अजून कळलेले नाही.

"कसे आहात?" मी हळूच विचारले.

"खुर्ची आता जड लागते," ते म्हणाले.

मी माझी खुर्ची उचलून कुंपणावरून त्यांना दिली. दीड मीटरची पट्टी त्या दिवशी दोघांनाही आठवली नाही. ते बसले आणि म्हणाले, "हेर प्रोफेसर, मी जायला हवे होते. पाव स्पंजासारखा असला म्हणून काय झाले? कॉफीत बुडवून खाल्ला असता."

"आणि तत्त्व?"

"तत्त्वाला नात नसते."

ट्यूलिप उगवण्यापूर्वी ते गेले. अंत्यविधीला मोजकीच माणसे, अंतर राखून उभी. युटा आणि ब्रायन फोनच्या काचेवरून पाहत होते. मी मनातल्या मनात विष्णूचे नाम घेतले. परक्या धर्माच्या माणसासाठी ते चालते का, असे सुमतीला विचारले, तर ती डोळे पुसत म्हणाली, "त्यांना काय, तत्त्वतः चालेल."

उन्हाळ्यात वाट मोकळी झाली आणि युटा, ब्रायन आणि छोटी घर आवरायला आली. ब्रायन उंच, डोक्यावर टोपी, हातात कागदी पेला. चालता चालताच कॉफी पीत होता. कुंपणाशी मला पाहून दात दाखवून म्हणाला, "हाय! हाऊ आर यू?"

"फाइन, थँक यू," मी म्हणालो.

तो पुढे निघून गेला. टिपिश आमेरिकानिश, असे माझ्या मनात आलेच.

थोड्या वेळाने तो घरातून बाहेर आला. हातात ही खुर्ची होती. त्याने ती कुंपणाशी उघडली, चारही पाय हाताने हलवून पाहिले, कागदी पेला गवतावर ठेवला आणि बसला.

"हा प्रश्न उभ्याने विचारायचा नसतो, असे त्यांनी मला लग्नातच बजावले होते," तो म्हणाला. "मी हसलो होतो. ज्या रविवारी ते पहिल्यांदा 'ग्रेट' म्हणाले, त्याच रविवारी आम्ही ओळखले. युटा रात्रभर रडली. पण ते आमच्यासाठी एवढे अमेरिकन झाले होते, की खरे विचारण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही. मग आम्हीही दर रविवारी 'ग्रेट' म्हणत राहिलो." तो माझ्याकडे पाहत थांबला. "सर, ते कसे होते?"

"वेळ आहे?" मी विचारले.

"आहे."

सुमतीने आतून पानासाठी हाक मारली नाही. समोरच्या पदपथावर युटाचे बोट धरून छोटी चालत होती. मी माझी खुर्ची आणली आणि डाव्या गुडघ्यापासून सुरुवात केली.

जाताना ती मंडळी ही खुर्ची मला देऊन गेली. वाचकहो, तुमच्या घरी कुशल विचारणारे कोणीतरी असो, आणि उत्तर ऐकायला त्याला बसवेल अशी एक खुर्ची असो. दूर गेलेल्या लेकरांची वाट मोकळी राहो. ज्यांना भेटायचे राहिले आहे, त्यांची भेट वेळेत होवो. तुम्हा सर्वांचे, घरच्या थोरांचे आणि नुकती पावले टाकू लागलेल्यांचे, श्रीहरी खरोखरीचे क्षेम करो.