बायकोच्या पायांनी धावणारे जगतापभाऊ

"काल आम्ही दहा किलोमीटर एक तास सहा मिनिटांत मारलं," असं जगतापभाऊ सांगतात तेव्हा नवा माणूस आधी त्यांच्या पोटाकडे बघतो, मग गुडघ्यांकडे बघतो आणि मग स्वतःचा चष्मा पुसतो.

नव्या माणसाची चूक नाही. हा गृहस्थ कोपऱ्यावरच्या डेअरीतून अर्धा लिटर दूध आणायला स्कूटर काढतो. राहतो पहिल्या मजल्यावर, पण लिफ्ट बंद असली की खाली वॉचमनच्या खुर्चीत बसून ती दुरुस्त व्हायची वाट बघतो. धावतात त्या त्यांच्या पत्नी, शालनवहिनी. भाऊ फक्त 'आम्ही' म्हणतात.

जुईनगरच्या आमच्या सोसायटीत त्यांचं दार माझ्या दारासमोर. मूळचे साताऱ्याकडचे. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये एका गाळ्यावर मुकादम आहेत. आयुष्य ट्रकवाल्यांना हाका मारण्यात गेल्यामुळे त्यांचा आवाज घरातल्या वापराचा राहिलेला नाही. ते घरात "मीठ दे" म्हणाले की आमची मुलगी हसत डबा घेऊन दाराशी जाते.

वहिनी पाळणाघर चालवतात. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांमागे पळून झाल्यावर माणूस संध्याकाळी पाय पसरून बसेल. पण डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवला आणि वहिनी सत्तेचाळिसाव्या वर्षी धावायला लागल्या. पुढे ते औषध राहिलं नाही, आवड झाली. डॉक्टरांनी भाऊंनाही चालायला सांगितलं होतं. भाऊ म्हणाले, "डॉक्टर, आमचं आठवड्याला तीस किलोमीटर होतंय. आणखी किती?"

शर्यत जवळ आली की आमच्या मजल्यावर आचारसंहिता लागते. वहिनींचे बूट गॅलरीत वाळत असतात, आत वर्तमानपत्राचे बोळे. ते पेपर बहुतेक वेळा माझे, त्याच दिवशीचे. एकदा भाऊंनी सोसायटीला रीतसर अर्ज दिला: 'रविवारी आमची शर्यत असल्याने शनिवारी कोणीही भिंतीला ड्रिल मारू नये.' खाली सही, 'आपला नम्र धावपटू', आणि कंसात 'पती'. सेक्रेटरींनी तो मंजूर केला. नामंजूर केला असता तर भाऊ समजावून सांगायला गेले असते, आणि तो आवाज कमिटीतल्या कोणालाच परवडणारा नव्हता.

धावणाऱ्यांची पारख ते कांद्यासारखी करतात. रंगीत कपड्यांतली तरणी पोरं उड्या मारत सुटली की म्हणतात, "हा लाल कांदा. दिसायला झकास, पण टिकायचा न्हाय. आमची बाई उन्हाळी. चार म्हैने ठेवा, कोंबसुदीक फुटायचा न्हाय." वहिनींच्या कानावर हे कौतुक एकदा पडलं. त्या दिवशी भाऊंनी दोन्ही वेळा भाजी स्वतः चिरली.

गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी भाऊंची स्कूटर रुसली आणि त्या दोघांना शर्यतीला सोडायचं काम माझ्याकडे आलं. पाम बीच रस्ता पहाटे शर्यतीसाठी बंद केलेला. उजाडता उजाडता भाऊंनी माझ्या खांद्यावर एक पिशवी अडकवली. आत कोरडा नॅपकिन, वहिनींच्या सपाता, गूळ-शेंगदाणे, लिंबाच्या फोडी आणि सेफ्टी पिनांचं अख्खं पान.

"परबसाहेब, तुमी शेवटच्या रेघेवर थांबा. मी अलीकडच्या वळणावर हाय."

"तिथे का? इथे कमान आहे, बँड आहे."

"बँड असलेल्या जागी माझं काय काम? माणूस वळणावर बसकण मारतो," म्हणत ते गेले. अर्धा किलोमीटर अंतर, तेही पाण्याचे खोके घेऊन जाणाऱ्या टेम्पोत बसून.

थोड्या वेळाने वळणावरून आवाज यायला लागला. "ओ निळा शर्ट, खांदं पाडू नका! ताई, चढ सपला, आता उतारच हाय!" पाम बीच रस्ता सगळा सपाट आहे. पण ज्याच्या कानावर ते पडत होतं तो खरोखरच उतार लागल्यासारखा सुटत होता.

वहिनी आल्या त्या तासाच्या आसपास, लालबुंद, पण हसत. मी नॅपकिन दिला. तेवढ्यात यादी घेतलेली एक मुलगी धावत आली. पन्नाशीपुढच्या बायकांत वहिनींचा तिसरा नंबर आला होता! मी भाऊंना फोन लावला.

"तिसरा?" "झ्याक! तिला लगेच बसू देऊ नका, जरा चालवा. मी येतोच. अजून बायका मागं हायत."

"अहो, बक्षीस समारंभ सुरू होतोय!"

"हू द्या की," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मला रागच आला. "काय माणूस आहे! बायकोचा नंबर आलाय, आणि हे कोणा परक्या बायकांसाठी थांबलेत."

वहिनी बुटाच्या नाड्या सोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"भाऊजी, माझी पहिली रेस ठाऊक आहे का तुम्हाला? पाचच किलोमीटरची. मी शेवटची आले. मागं फक्त अॅम्ब्युलन्स. पोचले तर कमान उतरवत होते. एकजण म्हणाला, 'ताई, बाजूला व्हा, ट्रक लागतोय.' मी ह्यांना शोधतेय, तर हे पलीकडं मिसळ खात होते. ह्यांना वाटलं, मी मधेच सोडून कुठंतरी बसले असेन."

"मग? भांडलात?"

"नाही ना. भांडले असते तर बरं झालं असतं. घरी आल्यावर हे बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून बसले. बादली भरून वाहत होती, तरी नळ चालूच. मला काय कळत नाही होय?" त्यांनी सपाता पायात सरकवल्या. "तेव्हापासून शेवटचा माणूस गेल्याशिवाय हलत नाहीत. मला सांगतात, ट्रॅफिक लागला."

एवढं बोलून त्या उठल्या आणि वळणाच्या दिशेने चालू लागल्या.

"वहिनी, नाव पुकारतील आता!"

"तुम्ही घ्या की!"

अशा रीतीने पन्नाशीपुढच्या महिला गटातलं तिसरं बक्षीस मी घेतलं. मिशा असल्यामुळे टाळ्या जरा जास्तच पडल्या. निवेदकाने "आपण काही सांगाल का?" असंही विचारलं. मी नमस्कार करून उतरलो आणि ट्रॉफी काखोटीला मारून वळण गाठलं.

तिथे आता गर्दी नव्हती. स्वयंसेवक खुर्च्या उचलत होते. रस्त्याच्या कडेला हे दोघं शेजारी शेजारी उभे होते. समोरून सलवार-कमीज घातलेली एक स्थूल बाई येत होती, एक पाय ओढत, आणि तिच्यामागून अॅम्ब्युलन्स अगदी बैलगाडीच्या चालीने. बाईचा चेहरा रडवेला झाला होता. तिने भाऊंना विचारलं, "संपलं का हो सगळं?"

भाऊ ओरडले नाहीत. आजारी माणसाच्या उशाशी बोलावं तसं म्हणाले, "आवो, संपतंय कशानं? तुमच्यासाठीच थांबलोय."

बाईने ओढणी खोचली आणि ती पळायला लागली. भाऊ ती दिसेनाशी होईपर्यंत टाळ्या वाजवत राहिले. मग हात खाली आले, आणि त्यातला एक वहिनींनी धरला.

भर रस्त्यात. साताऱ्याकडची माणसं ही. लग्नाच्या फोटोतसुद्धा त्यांच्यामधून एक माणूस जाईल एवढी जागा आहे. भाऊ दचकले. ओळखीचं कोणी बघत नाही ना म्हणून त्यांनी चौफेर पाहिलं, आणि त्यांना मी दिसलो. तरी हात त्यांनी सोडवला नाही.

मी ट्रॉफी पाठीमागे धरली आणि खारफुटीतले बगळे बघत उभा राहिलो.